टाकी, नळी आणि काटा : अमेरिकी पिकअपच्या इंधनव्यवस्थेचा इतिहास

अमेरिकेतील शेतकरी, सुतार आणि नळजोडणी करणारे कारागीर यांच्या नित्य वापरातील पिकअप ट्रक, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. १९२५ ते १९८७ या काळात या वाहनाच्या पेट्रोलच्या टाकीने निदान चार वेळा जागा बदलली आणि प्रत्येक स्थलांतराने गळतीची एक जुनी वाट बंद होताना दुसरी नवी वाट उघडली. टाकीतील साठा दाखवणाऱ्या काट्याचीही हीच कथा आहे. त्यामुळे जुन्या पिकअपमधील गळती किंवा चुकीचा काटा हा केवळ झिजलेल्या भागाचा दोष नसतो. तो त्या काळच्या रचनाकारांनी केलेल्या निवडीचाही परिणाम असतो.

फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये २८१ डॉलरला बाजारात आणलेले मॉडेल टी पिकअप हे कारखान्यातच मालवाहू हौद्यासह तयार झालेले तिचे पहिले पिकअप होय. त्यात इंधन ओढणारा पंप नव्हता. आसनाखालच्या टाकीतून पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरकडे, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, उतरत असे. टाकीत पेट्रोल कमी असताना चढ लागला की इंजिनाला पुरवठा मिळेनासा होई आणि चालक गाडी उलटी फिरवून मागच्या मागे घाट चढवीत. साठा मोजण्यासाठी आसन उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागे.

१९२८ च्या मॉडेल एमध्ये टाकी डॅशबोर्डलगत, चालकाच्या गुडघ्यांच्या वरच्या पातळीला आली. उंची मिळाल्यामुळे चढाचा प्रश्न सुटला आणि साठा मोजण्याचे साधनही थेट टाकीच्या अंगावर बसवता आले. आत बुचाच्या लाकडाचा तरंगक वर-खाली होई आणि त्याला जोडलेली अंकांची पट्टी काचेमागे फिरे. ही व्यवस्था इतकी साधी होती की तिच्यात विजेचा संबंधच नव्हता, परंतु त्या काचेभोवतीचे बूच सुकले किंवा आकसले की पेट्रोल थेंबाथेंबाने थेट केबिनमध्ये उतरत असे.

१९३० च्या दशकात इंजिनावर बसणारा यांत्रिक पंप रूढ झाला. इंजिनाच्या कॅमशाफ्टने हलणारा दांडा त्यातील पडदा खाली ओढतो आणि निर्माण झालेल्या पोकळीमुळे पेट्रोल टाकीतून खेचले जाते. आता टाकी इंजिनाच्या पातळीखाली आणि चालकापासून दूर, चासीवर नेता आली, पण त्याबरोबर गळतीचे स्वरूपच बदलले. पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामधील नळीत दाब असल्याने तिथली भेग लगेच ओली दिसते. टाकी आणि पंप यांच्यामधील नळीत मात्र ओढ असते, म्हणून तिथल्या बारीक भेगेतून चालत्या गाडीत पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर डाग पडत नाही, वास येत नाही, फक्त इंजिन भार घेताना अडखळते. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खालच्या छिद्रातून ठिबकते किंवा इंजिन ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण ऑइलची पट्टी काढून तिला पेट्रोलचा वास येतो का हे पाहिल्याशिवाय तो लक्षातच येत नाही.

टाकी दूर गेल्यामुळे काटाही दुरून चालवणे भाग पडले आणि विजेवरची मापके आली. टाकीतील तरंगकाचा दांडा तारेच्या गुंडाळीवरून सरकतो आणि विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध कमी-जास्त करतो. या भागाला सेंडर म्हणतात. पुढे फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन कंपन्यांचे मार्ग वेगळे झाले. जनरल मोटर्सच्या मापकात दोन गुंडाळ्यांच्या ओढाताणीतून काटा स्थिर होतो आणि सेंडरचा विरोध रिकाम्या टाकीला शून्याजवळ, तर भरलेल्या टाकीला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे ९० ओहम असतो. फोर्डच्या मापकात विजेच्या उष्णतेने वाकणारी धातूची पट्टी काटा ढकलते आणि विरोधाचा क्रम नेमका उलटा, म्हणजे रिकाम्याला सुमारे ७३ व भरलेल्याला १० ओहम असा असतो. परिणामी सेंडरची तार तुटली तर जनरल मोटर्सच्या शेवर्ले पिकअपचा काटा भरलेल्या खुणेच्याही पलीकडे जातो आणि फोर्डचा रिकाम्यावर पडून राहतो. तीच तार चासीला टेकली तर दोन्हींचे वर्तन उलटे होते. सेंडरवरची तार सोडवून क्षणभर चासीला लावणे ही मिस्त्रींची जुनी तपासणी याच तत्त्वावर उभी आहे. काटा तेवढ्यात हलला तर मापक आणि तार ठीक असून दोष टाकीकडे, बहुधा गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा सेंडरमध्ये आहे, असा निष्कर्ष निघतो. पितळी तरंगकाला बारीक छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले, तर विजेची सगळी जोडणी निर्दोष असूनही भरलेली टाकी रिकामी दिसते.

१९४९ पासून शेवर्ले पिकअपची टाकी केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे उभी बसवली जाऊ लागली आणि ही रचना १९७२ पर्यंत टिकली. चिखल, दगड आणि मीठ यांपासून टाकी सुरक्षित राहिली, पण भरण्याच्या नळीचा रबरी सांधा आणि सेंडरखालचा गॅस्केट कडक झाला की पेट्रोलची वाफ प्रवाशांच्या श्वासात जाई.  

१९७३ मध्ये जनरल मोटर्सने टाकी केबिनबाहेर काढून चासीच्या लांब पोलादी पट्ट्यांच्या बाहेरील बाजूला टांगली. दोन्ही बाजूंना टाक्या घेतल्यास एकूण ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५० लिटर, पेट्रोल मावत असे. परंतु बाजूने धडक बसली तर टाकी आणि धडकणारे वाहन यांच्यामध्ये पातळ पत्र्याखेरीज फारसे काही उरत नव्हते. अपघातानंतरच्या इंधनगळतीवर मर्यादा घालणारा केंद्रीय नियम १९६८ पासून मोटारींना लागू होता आणि १९७० च्या दशकात तो हलक्या ट्रकांपर्यंत वाढवला गेला, तरीही ही रचना १९८७ पर्यंत चालू राहिली. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीने या ट्रकांवर दाखवलेल्या कार्यक्रमातील धडकेच्या प्रात्यक्षिकात आग लागावी म्हणून ज्वलनाची साधने बसवली होती, हे उघड झाले आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. तथापि त्यामुळे रचनेवरील आक्षेप संपले नाहीत; केंद्रीय चौकशीनंतर डिसेंबर १९९४ मध्ये तडजोड झाली, कंपनीने सुरक्षाविषयक कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले आणि ट्रक परत मागवले गेले नाहीत.

दोन टाक्यांमुळे एक नवा घोटाळाही जन्मला. केबिनमधील स्विचने टाकी बदलते, पण चासीवरची झडप अडकली तर इंजिन एका टाकीतून पेट्रोल ओढते आणि काटा दुसरीचा साठा सांगतो. याच सुमारास, १९७८ च्या ऊर्जा करकायद्याने दिलेल्या सवलतीमुळे, १० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पसरू लागले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते किंवा मऊ करते, बुचाच्या तरंगकावरील लाखेचा थर विरघळवते आणि हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाल्यास पाणी वेगळे होऊन तळाशी साचते आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज लागतो.

गळकी टाकी झाळण्याचे काम मुळातच धोक्याचे, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीतील पेट्रोलपेक्षा अधिक सहज पेट घेते. म्हणूनच झाळण्यापूर्वी टाकी वाफेने किंवा पाण्याने पूर्ण धुण्याचा दंडक पडला. जुना पिकअप हाती घेणाऱ्याने आधी त्याचे वर्ष आणि बनावट, मग टाकीची जागा आणि सेंडरच्या विरोधाचा क्रम समजून घ्यावा आणि त्यानंतरच सुटा भाग विकत घ्यावा. शेवर्लेच्या काट्याला फोर्डचा सेंडर जोडला तर दोन्ही भाग नवे असूनही काटा उलटाच चालेल.