वादळाआधीचे दिवस

१७८९ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी, ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचे जहाज वादळात सापडून वाळूत रुतले. किनारा इतका जवळ होता की हजारो लोक उभे राहून ते दृश्य पाहत होते. डोलकाठीच्या दोरांना बिलगलेले खलाशी एकामागून एक समुद्रात पडले. पाहणाऱ्यांना काहीच करता आले नाही. त्या गर्दीत धीराची माणसे नव्हती असे कोण म्हणेल? समुद्रावरच पोट भरणारा तो मुलूख! परंतु त्या लाटांत तग धरील अशी नाव कोणापाशी नव्हती, आणि तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही.

या दुर्घटनेनंतर साउथ शील्ड्स येथील नागरिकांनी उत्तम नावेच्या आराखड्यासाठी बक्षीस लावले. त्यातून हेन्री ग्रेटहेड याने बांधलेली नाव १७९० साली पाण्यात उतरली. बाजूंना बुचाचे जाड पट्टे, आणि दोन्ही टोके सारखीच निमुळती. म्हणजे वळण न घेता मागे किंवा पुढे वल्हवता यावी. पुढे ४ मार्च १८२४ रोजी सर विल्यम हिलरी यांच्या प्रयत्नाने लंडनमध्ये या कार्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या नावा हाकणारे लोक बहुतांशी स्वयंसेवक होते आणि आजही आहेत. संस्था चालते तीही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर. १८५४ पासून काही वर्षे तिने सरकारी साहाय्य घेतले. १८६९ साली तेही थांबले.

अशा पथकांची कथा सांगताना आपण शौर्याचे पोवाडे गातो. ते योग्यच आहे. पण या दोन शतकांचा इतिहास पाहिला की ध्यानात येते, शौर्य हे या कामाचे भांडवल खरे, तरी त्यावर व्यवहार चालतो तो तयारीचा.

व्हिटबी या बंदरातील प्रसंग पाहा. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी भयंकर वादळ झाले. तेथील नावेचे तेरा जण त्या एका दिवसात पाच वेळा समुद्रात गेले आणि पाचही वेळा माणसे घेऊन परतले. सहाव्या खेपेस लाटेने नाव उलथली. बारा जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. त्याचे धैर्य इतरांहून अधिक होते काय? मुळीच नाही. त्याच्या अंगात नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट होते. कॅप्टन वॉर्ड या निरीक्षकाने ते १८५४ साली तयार केले होते. जीव आणि मृत्यू यांत अंतर पडले ते एका जाकिटाचे!

दुसरी गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांची. १२ जानेवारी १८९९ च्या रात्री लिनमथ गावाजवळ ‘फॉरेस्ट हॉल’ हे जहाज संकटात सापडले. लाटा अशा की गावातून नाव पाण्यात लोटणे अशक्य. तेव्हा ती गाड्यावर चढवून तेरा मैल दूर असलेल्या पोरलॉक येथे खुष्कीने न्यायचे ठरले. वाटेत काउंटिसबरीचा उभा चढ. घोडे जुंपले, सुमारे शंभर लोकांनी दोर धरले. कुदळी-फावडी घेतलेले लोक पुढे जाऊन रस्ता रुंद करीत होते. गाड्याचे चाक निखळले, ते पुन्हा बसवले. रात्रभर राबून पहाटे नाव पाण्यात गेली, आणि जहाजावरील अठराही जण सुखरूप राहिले. येथे वल्ही मारणारे थोडे; ओढणारे, खणणारे, कंदील धरणारे पुष्कळ. पथक म्हणजे केवळ नावेत बसलेली माणसे नव्हेत, सारे गावच पथक असते.

आणि ज्यांच्या गावाला समुद्रच नाही त्यांनी काय करावे? याचे उत्तर मँचेस्टरने दिले. ९ डिसेंबर १८८६ रोजी ‘मेक्सिको’ या जहाजाच्या मदतीस गेलेल्या दोन नावा उलटून सत्तावीस स्वयंसेवक बुडाले. तिसऱ्या नावेने जहाजावरील बाराही जणांना वाचवले. बुडालेल्यांच्या विधवा-पोरक्यांकडे पाहून चार्ल्स मॅकारा नावाच्या कापड-गिरणीमालकाच्या मनाने घेतले की हा भार मूठभर धनिकांवर ठेवणे बरे नव्हे. १८९१ साली त्याने मँचेस्टरच्या रस्त्यांतून नावांची मिरवणूक काढली आणि गर्दीपुढे डबे फिरवले. एका दिवसात पाच हजारांहून अधिक पौंड जमले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या कामकऱ्यांची नाणी त्या डब्यांत पडली, ती कुठल्याशा किनाऱ्यावरच्या जाकिटांसाठी, दोरांसाठी.

आज ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर दोनशेहून अधिक ठाणी आहेत. पथकातील बहुतेकांचा चरितार्थ आता समुद्रावर चालत नाही. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी सुतार. म्हणून समुद्राची विद्या त्यांना मुद्दाम शिकवावी लागते. पूल या गावी २००४ साली त्यासाठी विद्यालय उघडले. तेथे मोठ्या हौदात कृत्रिम लाटा उठवून, अंधार करून, उलटलेल्या नावेतून बाहेर कसे यावे याचा सराव करवून घेतात.

एवढे करूनही समुद्र कधी कधी जिंकतो, हे लपवू नये. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलमधील माउसहोल गावाहून ‘सॉलोमन ब्राउन’ ही नाव निघाली. निघताना तांडेलाने एका तरुणाला मागे ठेवले. त्याचा बाप नावेत होता, आणि अशा रात्री एका घरातील दोघांना न्यायचे नाही, असे तांडेलाने ठरवले. नावेतील आठ आणि संकटातील जहाजावरचे आठ, असे सोळा जीव त्या रात्री गेले. दुसऱ्याच दिवशी त्या लहानशा गावात नवे पथक उभे राहील इतकी नावे पुढे आली.

तांडेलाचा तो निर्णयही तयारीच होता. आपण परत न आलो तर मागे काय उरेल, याचा विचार त्याने आधीच केला होता. शौर्याची परीक्षा वादळाच्या रात्री होते. तिचा अभ्यास मात्र वादळ नसलेल्या दिवसांत, दोर तपासताना आणि डब्यात पैसा टाकतानाच करावा लागतो. असे दिवस, श्रोतेहो, समुद्र नसलेल्या गावातही पुष्कळ असतात.