ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील आंतरपिढीय आर्थिक गतिशीलता

आंतरपिढीय आर्थिक गतिशीलता म्हणजे आईवडिलांच्या तुलनेत मुलांचे उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय किंवा संपत्ती यांच्या स्तरात होणारा बदल. मुंबई महानगर प्रदेशातील ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांत हा बदल ठळकपणे दिसतो. शेती, मासेमारी किंवा गिरणीकाम यांवर जगणाऱ्या अनेक कुटुंबांतील पुढची पिढी कारखान्यांत व त्यानंतरची सेवाक्षेत्रात गेली. ठाण्यातील बाळकुम या मूळच्या गावात या तिन्ही टप्प्यांच्या खुणा आढळतात.

== संकल्पना व मोजमाप ==

गतिशीलता दोन प्रकारची मानली जाते. मुले पालकांपेक्षा अधिक कमावतात का, हे निरपेक्ष गतिशीलतेत पाहिले जाते. समाजाच्या उतरंडीतील त्यांचे स्थान बदलले का, हे सापेक्ष गतिशीलतेत. सर्वच कुटुंबे एकेक पायरी वर चढली, तर निरपेक्ष गतिशीलता मोठी असूनही सापेक्ष गतिशीलता शून्य राहते. वाढत्या शहरांत या दोहोंची गल्लत होण्याचा संभव अधिक असतो.

पालक व मुले यांच्या उत्पन्नातील संबंध 'आंतरपिढीय लवचिकता' या गुणकाने दर्शवितात. गुणक ०.५ असेल, तर सरासरीपेक्षा १० टक्के अधिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांचे उत्पन्न सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्के अधिक असते. गुणक जितका कमी, तितकी गतिशीलता अधिक.

राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील शहरांची तुलना केली. उत्पन्नाच्या सर्वांत खालच्या पंचमांशातील मूल सर्वांत वरच्या पंचमांशात पोहोचण्याची शक्यता शार्लट येथे ४.४ टक्के, तर सॅन होजे येथे १२.९ टक्के आढळली. भारतात दोन पिढ्यांच्या उत्पन्नाच्या सलग नोंदी सहसा मिळत नसल्याने वडील व मुलगा यांच्या शिक्षणाची तुलना केली जाते. सॅम ॲशर, पॉल नोवोसाद व चार्ली रॅफकिन यांच्या अभ्यासानुसार देशातील एकूण सापेक्ष गतिशीलता अनेक दशके जवळपास स्थिर आहे. अनुसूचित जातींची वाढली, तर मुस्लिमांची घटली. विवाहानंतर मुली माहेरच्या कुटुंबाच्या नोंदीत राहत नसल्याने त्यांची गतिशीलता अशा पाहण्यांतून बरीचशी निसटते.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून लागू झालेल्या तरतुदींनी अनेक कुळे जमिनीची मालक झाली. त्या वेळी सातबारावर नाव लागले की नाही, यावर पुढील पिढ्यांची संपत्ती मोठ्या प्रमाणात ठरली.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा व डोंबिवली येथील औद्योगिक वसाहतींमुळे कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी व वैद्यकीय विमा असलेला कामगारवर्ग उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर लाखाहून अधिक कामगारांचा रोजगार गेला. स्वस्त घराच्या शोधात त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे मध्य रेल्वेवरील उपनगरांत आली.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. ठाणे शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १२.६ लाख होती. ती २०११ मध्ये सुमारे १८.४ लाख झाली.

== बाळकुम ==

बाळकुम हे खाडीलगतचे आगरी-कोळी वस्तीचे गाव असून ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता येथून काशेळीच्या पुलाकडे जातो. लगतच्या कोलशेत रस्त्यावर रासायनिक कारखाने उभे राहिले. पुढे ते बंद झाले किंवा हलले आणि त्यांच्या जागी निवासी संकुले आली.

या परिवर्तनाचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. ज्यांच्या नावे जमीन होती, त्यांना विक्री, विकासकाशी भागीदारी किंवा भाड्याच्या चाळी यांतून भांडवल मिळाले. भूमिहीन शेतमजूर व भाडेकरूंना या मूल्यवाढीत वाटा नव्हता. उलट घरभाडे वाढले. जमीन विकून आलेला पैसा शिक्षणात, व्यवसायात वा दुसऱ्या मालमत्तेत गुंतवला गेला तरच पुढील पिढीपर्यंत टिकतो. एकदा विकलेली जमीन पुन्हा उत्पन्न देत नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्ग ५ चे एक स्थानक बाळकुम नाका येथे नियोजित असल्याने जमिनीच्या मूल्याचा प्रश्न येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

== गतिशीलतेचे घटक ==

'''शिक्षण व माध्यम''': कैवन मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ मध्ये दादर येथील शाळांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. कामगार वस्त्यांतील जातींच्या मुलग्यांना गिरण्या व कारखान्यांत नातेवाइकांच्या ओळखीने काम मिळत असल्याने त्यांना मराठी माध्यमात घालण्याकडे कल राहिला. अशा ओळखींचा लाभ नसलेल्या मुलींनी मात्र इंग्रजी माध्यमाचा मार्ग अधिक वेगाने धरला. पूर्वी आधार ठरलेले जातीचे जाळे बदलत्या अर्थव्यवस्थेत मुलग्यांना मागे ओढू शकते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

'''वारसाहक्क''': महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची प्रथा कायम आहे. त्यामुळे एकाच घरातील भाऊ व बहीण यांची आर्थिक स्थिती भिन्न होऊ शकते.

'''रोजगाराचे स्वरूप''': कायम नोकरीची जागा कंत्राटी कामाने घेतल्यास मुलाचे शिक्षण वडिलांपेक्षा अधिक असूनही उत्पन्नाची शाश्वती कमी असते. केवळ शिक्षणावरून गतिशीलता मोजताना ही घसरण दिसत नाही.

'''निवास''': घर हे बहुतांश कुटुंबांचे सर्वांत मोठे वारसाधन असते. अधिकृत घरांच्या किमती न परवडणारी कुटुंबे अनधिकृत इमारतींकडे वळतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा परिसरातील अशीच एक इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. अशा घराला ना कायदेशीर हक्क असतो, ना पुनर्विकासाची खात्री. त्यामुळे त्यात घातलेली आयुष्याची बचत मुलांपर्यंत पोहोचेलच असे नाही.

== हे सुद्धा पहा ==

* मुंबई महानगर प्रदेश
* कूळकायदा
* १९८२ चा गिरणी संप
* आगरी समाज