धोकटी आणि आरसा

भोपाळच्या जुन्या शहरात, जेथे इतवारा, बुधवारा, जुमेराती अशी वारांचीच नावे पेठांना मिळाली आहेत, तेथे दुकानांपुढील दगडी पटियांवर बसून गप्पांचा फड जमवण्याची जी रीत रूढ झाली, तिच्यात उत्तर हिंदुस्थानच्या शिरस्त्याप्रमाणे आदराने 'खलीफा' म्हणवला जाणारा हज्जाम अखबारनवीसाहून उणा नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या दप्तरांमागोमाग मराठी कारकुनांची बिऱ्हाडे येथे आली, तेव्हा त्यांना हा खलीफा परका वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या गावगाड्यातील न्हावीही केवळ केस कापणारा कधीच नव्हता. सुगीत खळ्यावरून बलुते नेणारा हा कारागीर नवरदेवाचे क्षौर करी, रात्रीच्या वरातीत मशाल धरी, अंगमर्दन करी, प्रसंगी गळू फोडून मलमपट्टीही करी, आणि हे सारे करताना गावचे सुखदुःख त्याच्या कानी पडे.

अशा बहुकलाकुशल व्यवसायातून संत सेना महाराजांसारखा कवी निपजला, यात आश्चर्य नाही. त्यांच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी एक प्रबळ परंपरा त्यांना बांधवगडच्या दरबारात नेते, आणि हा दुर्ग आज मध्य प्रदेशाच्याच उमरिया जिल्ह्यात उभा आहे. सेना पूजेत मग्न असता हुजूरचे बोलावणे आले, तेव्हा विठ्ठलाने त्यांचे रूप घेतले, हत्यारांची धोकटी काखेस मारली आणि राजाची हजामत केली. वाटीतल्या तेलात डोकावणाऱ्या राजाला चतुर्भुज मूर्ती दिसली, ही कथा संतचरित्रकार महिपतीने १७६२ च्या 'भक्तविजया'तून मराठी घराघरांत पोचवली. सेनांनी स्वतः आपल्या अभंगात आरशाला विवेकाचे आणि चिमट्याला वैराग्याचे रूप दिले. काव्याची सामग्री त्यांना धोकटीबाहेर शोधावी लागली नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही 'सैण' या नावाने एक पद आहे.

श्रावण वद्य द्वादशीस नाभिक समाज त्यांची पुण्यतिथी पाळतो. कथेतील राजा सांगणाऱ्यागणिक बदलतो. न्हावी मात्र तोच राहिला आहे.