तलाठ्याचे दप्तर आणि कॉडचे तक्ते

उळवी हे क्षेत्र चन्नबसवण्णांच्या समाधीसाठी विख्यात आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते तिकडील जमिनीच्या नोंदींविषयी. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता. त्यामुळे मुंबई इलाख्याचा १९०३ चा हक्कनोंदीचा कायदा या मुलखासही परका नव्हे.

मुंबईच्या पद्धतीतील सातबारा जमिनीवरून धारकाकडे नेतो, तर आठ-अ खातेदारावरून त्याच्या जमिनींकडे. एकच वस्तुस्थिती दोन वाटांनी सापडावी म्हणून ती दोनदा लिहावयाची! खातेदार वारला, वारसांची नावे एका नमुन्यात चढली आणि दुसऱ्यात राहिली, की कज्जास आरंभ झालाच.

संगणकाच्या प्रारंभीच्या माहितीकोशांची गतही निराळी नव्हती. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी आयबीएमने १९६८ च्या सुमारास सिद्ध केलेली आयएमएस ही प्रणाली वंशवृक्षासारखी होती. प्रत्येक नोंदीस जनक एकच. जमिनीचे सहधारक तीन असले, तर ती तीन फांद्यांवर लिहा, नाहीतर आडवाट काढा. शिवाय हवी ती माहिती कोणत्या फांदीवर आहे, हे विचारणाऱ्यासच आधी ठाऊक असावे लागे.

१९७० साली त्याच कंपनीतील एडगर कॉड यांनी निराळा विचार मांडला. धारकांचा एक तक्ता, जमिनींचा दुसरा, आणि कोणाचा कोठे किती हिस्सा याचा तिसरा. जुळणी केवळ क्रमांकांनी. नाव एकदाच लिहावयाचे. सातबारा मागा वा आठ-अ, दोन्ही उतारे त्याच तक्त्यांतून निघतात. एकाच मुलाचे नाव हजेरीपटात, गुणपत्रकात आणि फीच्या वहीत तीन तऱ्हांनी लिहिलेले पाहणाऱ्या आम्हां शिक्षकांना याचे मोल सांगावयास नको. प्रारंभी ही रीत मंद ठरली, हे खरे. आणि वेगासाठी मोठ्या बँकांत आयएमएस अद्यापही चालते.

सूपा गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. पुढे कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेत, २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, राज्यातील सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर चढल्या व हस्तलिखित पहाणीपत्रके बाद झाली. परंतु उतरवून घेतले ते जुनेच कागद. अस्तित्वातच नसलेला खातेक्रमांक यंत्रास नाकारता येतो. कागदावर मुळीच न लिहिलेल्या बहिणीचा हिस्सा त्याला कोठून कळणार? ते कोणीतरी सांगावेच लागते.