नायट्रो आरसी हेलिकॉप्टर: ३०, ५० की ९०? इंजिनाचा साईज कसा निवडायचा

बाईक घ्यायला गेलो की आपला पहिला प्रश्न असतो, "किती सीसी?" नायट्रो आरसी हेलिकॉप्टरचंही तसंच आहे. फक्त इथे सीसीऐवजी ३०, ५०, ९० असे आकडे ऐकू येतात. नवीन माणसाला वाटतं, जितका मोठा आकडा तितकं भारी मॉडेल. पण चुकीचा साईज घेतला तर दोन-चार क्रॅशमध्येच खिसा रिकामा होतो. शिवाय फिरणारी पाती कुणाला लागली तर गंभीर दुखापत होते. म्हणून पैसे भरण्याआधी हे आकडे नीट समजून घ्या.

आकड्याचा अर्थ काय?

हा आकडा म्हणजे घनइंचाचे शंभरावे भाग. ३० म्हणजे ०.३० घनइंच. एक घनइंच म्हणजे साधारण १६.४ सीसी. त्यामुळे हिशोब असा होतो:

• ३० = सुमारे ५ सीसी
• ५० = सुमारे ८ सीसी
• ६० = सुमारे १० सीसी
• ९० = सुमारे १५ सीसी

ही बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनं असतात. इंधन पेट्रोल नसतं; मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑईल यांचं मिश्रण असतं. बाईकसारखा ठिणगी टाकणारा स्पार्क प्लगही नसतो. त्याच्या जागी ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बॅटरीने लाल करायची, एकदा इंजिन चालू झालं की ती आपोआप तापलेली राहते.

कोणत्या साईजमध्ये काय मिळतं?

३० साईज: पाती साधारण ५५० मिमीची, वजन ३ किलोच्या आसपास. हॉवर करणं, पुढे-मागे उडवणं, साधे लूप मारणं यासाठी पुरेसं. इंधन कमी लागतं, पाती आणि इतर पार्ट्स तुलनेने स्वस्त. थंडर टायगरचं रॅप्टर ३० याच वर्गातलं, आणि कित्येकांनी उडवायला त्यावरच शिकलं.

५० साईज: पाती ६०० मिमीची. गंमत बघा, वजन ३० पेक्षा थोडंच जास्त असतं, पण ताकद बरीच वाढते. म्हणजे दर किलोमागे जास्त ताकद मिळते. त्यामुळे शिकताही येतं आणि पुढे उलटं उडवणं, थ्रीडी कसरतीही जमतात. अलाइनचं टी-रेक्स ६०० नायट्रो या वर्गातलं.

६० आणि ९० साईज: ९० च्या मॉडेलची पाती ७०० मिमीच्या आसपास, वजन ५ किलोच्या घरात. वाऱ्यात सगळ्यात स्थिर, लांबून नीट दिसतं, ताकद भरपूर. पण इंधन झपाट्याने संपतं आणि एक क्रॅश फार महागात पडतो. ६० चा वर्ग आता मागे पडला आहे. त्याची जागा ९० ने घेतली.

मोठं मॉडेल शिकायला सोपं असतं का?

हो आणि नाही. मोठं मॉडेल हवेत कमी हलतं, म्हणून हातात शांत वाटतं. पण धोका किती वाढतो ते बघा. ३० साईजचा रोटर सव्वा मीटर व्यासाचा आणि मिनिटाला १७०० फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किमी होतो. ९० मध्ये तो ५०० च्या पुढे जातो आणि पातीही जड असतात. म्हणून पहिल्याच मॉडेलसाठी ९० नको.

विमानाचं इंजिन बसवलं तर?

नको. विमानात समोरच्या पंख्याची हवा थेट इंजिनावर येते. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन सांगाड्याच्या आत असतं, म्हणून त्याला मोठ्या फिन्सचं हेड आणि वेगळा कूलिंग फॅन लागतो. साध्या विमानाचं इंजिन तिथे तापून बंद पडेल, आणि तेही हवेत असताना.

तसंच, ३० च्या सांगाड्यात थेट ५० चं इंजिन टाकू नका. गिअर रेशो, क्लच, पाती, टेल बूम हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. त्याच माउंटवर बसणारं ३६ किंवा ३९ चं इंजिन चालू शकतं, पण आधी मॉडेलचं मॅन्युअल बघा.

आपल्याकडच्या हवेचा परिणाम

गरम आणि विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. १५ अंशांच्या तुलनेत ४० अंशांना हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवर अजून ५ टक्के कमी धरा. ३० च्या इंजिनाकडे आधीच ताकद बेताची असते, त्यामुळे मे महिन्यात हा फरक लगेच जाणवतो. ५० मध्ये थोडी ताकद शिल्लक राहते.

घेण्याआधी या गोष्टी तपासा

१. नायट्रो इंधन तुमच्या शहरात नियमित मिळतं का? मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील असतं, घरी मिश्रण करायच्या भानगडीत पडू नका.
२. त्या मॉडेलचे पार्ट्स अजून मिळतात का? बरीच नायट्रो मॉडेल्स आता बंद झाली आहेत.
३. जुनं इंजिन घेत असाल तर हाताने फिरवून कॉम्प्रेशन बघा. बेअरिंगचा खरखर आवाज येत असेल तर सोडून द्या.
४. ड्रोन नियम २०२१ नुसार २ ते २५ किलोची मॉडेल्स 'स्मॉल' वर्गात मोडतात. नोंदणीचे नियम आणि तुमचं मैदान कोणत्या झोनमध्ये आहे, हे आधी बघा.

मग घ्यायचं कोणतं?

बजेट कमी आहे आणि फक्त शिकायचंय, तर ३०. एकदाच घेऊन तीन-चार वर्षं वापरायचंय, तर ५०. बहुतेकांसाठी हाच योग्य पर्याय. हात बसला आहे, मोठं मैदान आहे आणि खर्चाची तयारी आहे, तरच ९०. आणि साईज कोणताही असो, आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवा. तिथे शंभर वेळा आपटलं तरी एक रुपयाही खर्च होत नाही.