लिनक्स कर्नलमध्ये स्वतःचा ट्रेस इव्हेंट: नोंदवायचा कसा, काढायचा कसा?

अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'सिस्टम ट्रेसिंग' पाहिलंय का? ते चालू केलं की कोणत्या क्षणी कोणतं अॅप प्रोसेसरवर होतं आणि कोण कशासाठी थांबलं होतं, याची बारीक नोंद मिळते. त्यामागे लिनक्स कर्नलमधलं एफट्रेस असतं. ते २००८ पासून, म्हणजे २.६.२७ व्हर्जनपासून कर्नलमध्ये आहे.

पण अडचण अशी की कर्नलला फक्त स्वतःच्या घडामोडी कळतात. 'ऑर्डर सेव्ह झाली' हे अॅपनेच सांगावं लागतं. अँड्रॉइड अॅप्स त्यासाठी 'ट्रेस मार्कर' फाइलमध्ये साध्या मजकुराची ओळ लिहितात. लिनक्समध्ये याहून व्यवस्थित सोय आहे, ती म्हणजे यूजर इव्हेंट्स. यात इव्हेंटला नाव असतं आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या बो बेलग्रेव्ह यांनी हे लिहिलं. २०२२ मध्ये ५.१८ व्हर्जनमध्ये कोड आला, पण तेव्हा तो बंद ठेवला होता. नव्या रचनेसह २०२३ मध्ये ६.४ पासून तो वापरता येऊ लागला.

नोंदणी कशी होते?

ट्रेसिंग फोल्डरमध्ये 'यूजर_इव्हेंट्स_डेटा' नावाची फाइल असते. ती उघडून आयओसीटीएल कॉलने तीन गोष्टी द्यायच्या:

१. इव्हेंटचं नाव आणि रकाने.
२. आपल्या प्रोग्राममधल्या एका व्हेरिएबलचा पत्ता.
३. त्या व्हेरिएबलमधला कोणता बिट वापरायचा.

बदल्यात कर्नल एक नंबर देतं. डेटा लिहिताना पहिल्या चार बाइट्समध्ये तो नंबर टाकायचा.

खरी गंमत त्या बिटमध्ये आहे. कोणी ट्रेस चालू केला की कर्नल स्वतः येऊन तुमच्या मेमरीत तो बिट १ करतं, बंद केला की ०. प्रोग्रामने फक्त बिट बघायचा आणि ० असेल तर पुढे जायचं. त्यामुळे कोणी ऐकत नसेल तर खर्च जवळजवळ शून्य.

माझी चूक

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही प्रेस मशीनचे पार्ट मोजणारा लिनक्स बॉक्स बसवला होता. एके दिवशी स्क्रीनवर २४० ऐवजी उणे २,१४,७४,८३,४०८ दिसलं. सुपरवायझरने ऑपरेटरलाच धारेवर धरलं, "बॉक्सला हात लावला का?" त्या माणसाचा शिफ्टचा हिशोब त्या आकड्यावर होता.

मी ट्रेस चालू करून बघितलं तर आकडा उणे. ट्रेस बंद केला तर परत बरोबर! डोकंच चालेना. मग लक्षात आलं की त्या दिवशीही मी छत्रपती संभाजीनगरच्या ऑफिसमधून ट्रेस चालू केला होता.

झालं असं होतं: मशीनचं कनेक्शन तुटलं की मी त्या मशीनची मेमरी फ्री करत होतो, पण तिच्यातल्या इव्हेंटची नोंदणी रद्द करत नव्हतो. तीच जागा पुढे पार्टच्या काउंटरला मिळाली. कर्नलच्या दृष्टीने तो पत्ता अजून माझ्या इव्हेंटचाच होता. मी ३१ नंबरचा बिट दिला होता, आणि ३२ बिटच्या इंटमध्ये तोच चिन्हाचा बिट असतो. ट्रेस चालू झाला, बिट १ झाला, आकडा उणे गेला. मी ऑपरेटरदादांना फोन करून सांगितलं, चूक माझी होती. सुपरवायझरलाही लेखी कळवलं.

काढायचं कसं?

• अनरजिस्टर: पत्ता आणि बिट देऊन नोंदणी रद्द करायची. मेमरी फ्री करण्याच्या आधी, नंतर नाही.
• डिलीट: नाव देऊन इव्हेंटच काढून टाकायचा. कोणी वापरत असेल तर हे होत नाही.
• नवीन कर्नलमध्ये शेवटचा वापरणारा गेला की इव्हेंट आपोआप जातो. तो टिकवायचा तर वेगळा फ्लॅग आणि जास्तीची परवानगी लागते.
• प्रोग्राम बंद पडला तर त्याच्या नोंदण्या कर्नल स्वतः साफ करतं. धोका असतो तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रोग्रामला.

सध्या कोणते इव्हेंट आहेत आणि कोणते वापरात आहेत, हे 'यूजर_इव्हेंट्स_स्टेटस' फाइल वाचली की दिसतं. या फाइल्स सुरुवातीला फक्त रूटलाच उघडतात, त्यामुळे आपल्या प्रोग्रामला परवानगी द्यावी लागते.

माझा आताचा नियम सोपा आहे: बिटचं व्हेरिएबल ग्लोबल ठेवायचं, म्हणजे ते प्रोग्राम संपेपर्यंत जागेवर राहतं. आणि आकडा चुकला की आधी आपला कोड तपासायचा, माणसाला नंतर विचारायचं.