‘फायनली’चं कूळ

देवणी गाईचे तीन प्रकार: वानेरा, बालंक्या, शेवरा. समजा, प्रत्येकाच्या नोंदींची वेगळी फाईल आहे आणि जावाच्या प्रोग्रॅमला ‘शेवरा’ची फाईल सापडलीच नाही, तर ‘फाईल नॉट फाउंड एक्सेप्शन’ येतं. ते हाताळा किंवा वर कळवा, नाहीतर कोड कंपाईलच होत नाही. काहीही झालं तरी उघडलेली फाईल मिटायची, हे काम ‘फायनली’चं.

‘ट्राय’, ‘कॅच’, ‘थ्रो’ जावानं सी प्लस प्लसकडून घेतले, यावर वाद नाही. पण सी प्लस प्लसमध्ये ‘फायनली’ नाहीच! तिथं आवराआवर डिस्ट्रक्टर करतो. मग हे आलं कुठून? काहीजण विंडोज एनटीकडे (१९९३) बोट दाखवतात, कारण तिथल्या सी कंपायलरमध्ये ‘फायनली’ होतं. मला ते पटत नाही. डिजिटल आणि ऑलिव्हेटी या कंपन्यांच्या मॉड्युला-३ भाषेत (१९८८) ‘ट्राय-फायनली’ होतंच, शिवाय प्रोसिजर कोणती एक्सेप्शन्स उठवते ती यादी ‘रेझेस’ म्हणून लिहावी लागे. जावात एक्सेप्शन वर कळवणारं ‘थ्रोज’ तेच. दोन्ही जिन्नस एकाच घरात सापडतात, तेव्हा शेजारी कशाला शोधायचे?

मूळ त्याहून मागचं. लिस्पमध्ये ‘अनवाइंड-प्रोटेक्ट’ होतं: आत काहीही बिघडो, शेवटची ओळ चालणारच. जावाचे जनक जेम्स गॉसलिंग यांनी १९८१ मध्ये ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची स्वतःची आवृत्ती लिहिली. तिच्यातल्या मॉकलिस्प या लिस्पसारख्या भाषेत ‘सेव्ह-एक्सकर्शन’ होतं, काम झालं की कर्सर मूळ जागी आणून ठेवणारं. ‘आधीची स्थिती परत आणा’ ही सवय त्यांना तिथंच लागली, असा माझा तर्क. पुरावा परिस्थितीजन्य आहे, पण तर्क मी सोडणार नाही.

‘फायनली’त खोड मात्र होती. फाईल न सापडल्यानं तिचं व्हेरिएबल ‘नल’ राहतं. त्यावर ‘क्लोज’ बोलावलं की नवंच ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ उसळतं आणि मूळ चूक झाकली जाते. जावाच्याच लायब्ररीत २००७ साली ‘क्लोज’चे दोन तृतीयांश वापर चुकीचे होते, असं प्रोग्रॅमर जोशुआ ब्लॉक यांनी नोंदवलं आहे. त्यांच्याच प्रस्तावातून २०११ च्या जावा ७ मध्ये ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ आलं: फाईल आपोआप मिटते आणि मूळ चूकही शाबूत राहते.

नवं म्हणून त्याचं कौतुक झालं, पण कॉमन लिस्पमध्ये ‘विथ-ओपन-फाईल’ १९८४ पासून आहे. जुन्या कोडमध्ये ‘फायनली’त हातानं लिहिलेलं ‘क्लोज’ दिसलं, तर आधी संशय घ्या.